घाट, हमी आणि आकाशमार्ग

पवनेच्या खोऱ्यांत तिकोणा पेठ म्हणून एक लहानसें गांव आहे. तिकोणा ऊर्फ वितंडगड ह्या किल्ल्याच्या पायथ्याशीं तें वसलेलें असून जवळच पवनेच्या धरणाचा जलाशय पसरलेला आहे. त्याच्या पलीकडे तुंग आणि उत्तरेच्या अंगास लोहगड व विसापूर दिसतात. इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें मोगलांस जे तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांच्या यादींत हे चारही किल्ले आहेत. एवढ्या लहान टापूंतले चार किल्ले एका तहांत मागितले जातात, ह्याचें कारण किल्ल्यांच्या तटाबुरुजांत शोधूं नये. तें खालून जाणाऱ्या वाटांत आहे. कोंकणांतून देशावर येणारा माल, मनुष्य आणि लष्कर ह्या डोंगरांच्या खिंडींतूनच वर चढावयाचें. वाट आहे म्हणून किल्ला, किल्ला आहे म्हणून पेठ.

आज ह्या पेठेच्या डोक्यावरून मुंबईकडे जाणारीं विमानें दिसतात. त्यांपैकीं एकही येथें उतरत नाहीं, व उतरावें अशी कोणाची अपेक्षाही नाहीं. गांवकऱ्यांस कामशेतला जाणारी गाडी वेळेवर मिळाली म्हणजे पुष्कळ झालें. तथापि लहान गांवीं विमान उतरावें, आणि त्यांत येणारी तूट सरकारनें भरून द्यावी, ह्या आजच्या विचाराचें मूळ पाहूं गेल्यास तें ह्याच मावळांत सांपडतें. अवघड वाटेचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न येथें फार जुना आहे.

अगदीं मागें गेलों तर कार्ल्याच्या लेण्यांपाशीं येऊन थांबावें लागतें. तेथील शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचें नांव आहे, आणि धेनुकाकटाच्या यवनांनीं स्तंभ दिल्याची नोंद आहे. वाटेवर विसांवा हवा तो व्यापाऱ्यांनीं आपल्या पैशानें करून घेतला. पुढें इ. स. १८३० मध्यें सर जॉन माल्कम ह्याच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता झाला, तो सरकारी खर्चानें. आमच्या विषयास खरोखर लागू पडणारी गोष्ट मात्र त्यानंतर वीस वर्षांनीं घडली.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी व ईस्ट इंडिया कंपनी ह्यांच्यामध्यें इ. स. १८४९ सालीं करार झाला. त्याचा मथितार्थ असा कीं, भांडवल लंडनच्या भागीदारांनीं घालावें. जमीन सरकारनें फुकट द्यावी. आणि रेल्वेच्या उत्पन्नांतून भांडवलावर शेंकडा ५ व्याज सुटलें नाहीं तर उरलेली तूट हिंदुस्थानच्या तिजोरीनें भरून द्यावी. ह्यालाच हमीची पद्धति म्हणत. ह्या हमीच्या आधारावर बोरघाटाचें काम निघालें. सुमारें १५ मैलांच्या चढावांत १८३१ फूट उंची गांठावयाची, वाटेंत २५ बोगदे खोदावयाचे, आणि तें सर्व सह्याद्रीच्या काळ्या फत्तरांत. कामावर एके काळीं चाळीस हजारांवर मजूर होते, आणि पटकीनें त्यांतले किती मेले ह्याचा हिशेब कोणास धड ठेवतां आला नाहीं. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल हा इ. स. १८५९ मध्यें येथेंच आल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावला, व त्याच्या बायकोनें मक्ता पुढें चालविला. इ. स. १८६३ मध्यें घाट खुला झाला, आणि खंडाळा-लोणावळ्याची आजची सारी भरभराट त्यांतून निघाली.

हमीच्या पद्धतीवर आपल्या लोकांनीं जी टीका केली ती सर्वश्रुत आहे. दादाभाई नौरोजींनीं हा पैसा कोणाच्या खिशांतून जातो तें दाखविलें. गणेश व्यंकटेश जोशी ह्यांनीं आंकडे मांडून तेंच सिद्ध केलें. ज्याला आपल्या खर्चावर पांच टक्के मिळणारच आहेत त्यानें काटकसर कशास करावी, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. शिवाय व्याज भरणारा शेतसारा देणारा कुणबी, आणि व्याज खाणारा लंडनचा भागीदार. म्हणजे ज्यास गाडींत बसण्याची ऐपत नाहीं त्यानें गाडीचा तोटा भरावयाचा. हें सर्व खरें असूनही आणखी एक गोष्ट तितकीच खरी आहे. इ. स. १९०० मध्यें सरकारनें ही रेल्वे विकत घेतली तोंपर्यंत, म्हणजे अर्धें शतकभर, हमी चालू होती. आज बोरघाटांतून गाडी जावी कीं नाहीं असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. पन्नास वर्षें पाठीशीं राहिलेल्या आश्रयाचें हें फळ आहे; तें महाग पडलें, अन्यायानें पडलें, परंतु तें टिकलें. ही तुलना वाचकांनीं मनांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

हिंदुस्थानांतील विमानवाहतुकीचा आरंभ गंमतीचा आहे, तो असा कीं त्यांत सरकारी मदत मुळींच नव्हती. नेव्हिल व्हिन्सेंट नांवाचा एक वैमानिक इ. स. १९२९ च्या सुमारास टाटांकडे योजना घेऊन आला. विलायतेहून टपाल घेऊन येणारें विमान त्या वर्षापासून कराचीस येऊं लागलें होतें. तेथून तें टपाल मुंबईमार्गे मद्रासेस पोंचवावें अशी ती योजना होती. टाटांनीं प्रथम सरकारकडे वार्षिक मदत मागितली. ती मिळाली नाहीं. शेवटीं मदत नको, केवळ नेलेल्या टपालाच्या वजनावर मोबदला द्यावा, एवढ्या अटीवर इ. स. १९३२ च्या एप्रिलांत दहा वर्षांचा करार झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे स्वतः पस मॉथ जातीचें एक इंजिनाचें विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादेस उतरून पेट्रोल भरलें, आणि जुहूच्या मैदानावर आले. अहमदाबादेस पेट्रोलाचे डबे बैलगाडींतून आले होते. पुढचा प्रवास व्हिन्सेंटनें बेल्लारीमार्गे मद्रासेपर्यंत केला. बिनतारी यंत्र नव्हतें, रात्रीं दिवे नव्हते. नद्या, रेल्वेचे रूळ आणि डोंगर हेच वाटाडे.

जुहूचें मैदान समुद्राला लागून व सखल असल्यामुळें पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई. तेव्हां सर्व बिऱ्हाड उचलून पुण्यास आणावें लागे, व येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर विमानें उतरत. दोन विमानें, तीन वैमानिक, तीन यांत्रिक एवढाच तो संसार होता. मुंबई आणि पुणें ह्यांच्यामध्यें मावळचा डोंगर पडतो, आणि आषाढांत त्या डोंगराचें रूप काय असतें हें मावळांत राहिलेल्यांस सांगावयास नको. तुंग, तिकोणा, लोहगड हे आठ आठ दिवस ढगांतून डोकें बाहेर काढीत नाहींत. अशा हवेंत कापडी पंखांच्या ह्या विमानांनीं टपालाची वेळ पाळली, व ती इतकी काटेकोर पाळली कीं मुलकी विमानखात्याच्या वार्षिक अहवालांत तिचा गौरव झाला. इ. स. १९३३ ह्या पहिल्या पूर्ण वर्षीं १,६०,००० मैल प्रवास झाला, सुमारें पावणेअकरा टन टपाल गेलें, आणि १५५ उतारूंनीं प्रवास केला. नफाही झाला.

ह्या यशाचें रहस्य टाटांच्या धाडसांत होतें हें कोणीही सांगेल. आमच्या मतें त्याच्या जोडीस दुसरी एक गोष्ट होती. पत्राला घाई असते, वजन नसतें, आणि तें तक्रार करीत नाहीं. सरकार ज्या कामाचे पैसे देत होतें तें काम मोजतां येण्यासारखें होतें: इतकें टपाल, इतक्या वेळांत, इतक्या अंतरावर. मदत आणि मोबदला ह्यांतला हा भेद पुढील सत्तर-ऐशी वर्षांत पुष्कळदां पुसट झाला.

संस्थानिकांनींही ह्या नव्या वाहनास हात दिला. कोल्हापुरास छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत इ. स. १९३९ मध्यें विमानतळ झाला, तो उजळाईवाडीस आजही वापरांत असून त्यास त्यांचेंच नांव आहे. पुढें महायुद्ध आलें. आणि तें संपल्यावर अमेरिकन लष्करानें टाकून दिलेलीं डाकोटा विमानें स्वस्तांत मिळूं लागलीं, तेव्हां ज्याच्या हातीं थोडा पैसा आला तो विमानकंपनी काढूं लागला. परवाने सढळ हातानें वांटले गेले. उतारू तेवढेच आणि कंपन्या मात्र वाढलेल्या, म्हणून सर्वच तोट्यांत गेल्या व सरकारनें पेट्रोलच्या करांत सूट देऊन त्यांस जगविलें.

ह्याच काळांतली एक गोष्ट मात्र नांवाजण्यासारखी आहे, ती नागपूरची. इ. स. १९४९ च्या जानेवारींत रात्रीच्या टपालविमानांची योजना सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास ह्या चार शहरांतून रात्रीं चार विमानें निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगांवच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्या व उतारू ह्यांची अदलाबदल करीत, आणि पहांटेच्या आंत आपापल्या घरीं परतत. संध्याकाळीं मुंबईंत पेटींत टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास वांटलें जाई. रफी अहमद किडवाई हे तेव्हां दळणवळण-मंत्री होते. देशाच्या मध्यावरील एका शहराची भौगोलिक स्थिति हेरून तिचा असा साधा उपयोग करणारी दुसरी योजना आम्हांस तरी आठवत नाहीं.

इ. स. १९५० मध्यें न्यायमूर्ति राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमली गेली. कंपन्या फार झाल्या आहेत, त्यांनीं एकत्र यावें, लगेच राष्ट्रीयीकरण नको, आणि मदत कांहीं मुदतीपर्यंत चालू ठेवावी, असा तिचा कल होता. कंपन्या एकत्र आल्या नाहींत. अखेर इ. स. १९५३ चा कायदा होऊन १ ऑगस्टपासून आठ कंपन्यांचा देशांतर्गत कारभार इंडियन एअरलाइन्स ह्या महामंडळाकडे गेला. त्यानंतरची चाळीस वर्षें मोठ्या मार्गांच्या नफ्यांतून लहान मार्गांचा तोटा भरून काढण्याचीं गेलीं. आपल्याकडे एस. टी. जें करीत आली तेंच हें. इ. स. १९४८ च्या १ जूनला पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली तेव्हांपासून मोठ्या रस्त्यावरची गाडी डोंगरांतल्या गाडीचें पोट भरीत आहे, व त्याबद्दल कोणी ओरड केलेली नाहीं. इ. स. १९८१ मध्यें निघालेली वायुदूत ही सरकारी संस्था तर केवळ लहान गांवांकरितांच होती. तिनें शेंकडा-सव्वाशें उतारूंच्या मोठ्या विमानांचा नाद न धरतां कानपुरास बांधलेलीं डॉर्नियर विमानें वापरलीं. पण मागणी न पाहतां गांवें वाढवीत गेली आणि तोट्याखालीं बुडाली. इ. स. १९९३ मध्यें तिचें विसर्जन ठरलें. पुढच्याच वर्षीं खासगी कंपन्यांवर आडमार्गांनीं कांहीं विमानें नेण्याची सक्ति आली. कंपन्यांनीं ती कशीबशी पाळली.

आतां 'उडान' योजनेकडे वळूं. इ. स. २०१६ च्या ऑक्टोबरांत ती जाहीर झाली. विमानांतील निम्म्या आसनांचें भाडें सुमारें तासाभराच्या प्रवासास २,५०० रुपयांच्या आंत ठेवावयाचें. त्यामुळें येणारी तूट तीन वर्षेंपर्यंत एका निधींतून भरून द्यावयाची. त्यांत राज्य सरकारचा वांटा सामान्यतः पंचमांश. हा निधि मोठ्या शहरांतून सुटणाऱ्या विमानांवर आकारणी बसवून उभा केला जातो, म्हणजे दिल्ली-मुंबईच्या उतारूनें नांदेडच्या उतारूस हात द्यावयाचा. शेतसाऱ्यांतून भागीदाराचें व्याज देण्यापेक्षां ही व्यवस्था निःसंशय न्यायाची आहे, हें कबूल केलें पाहिजे. २७ एप्रिल २०१७ रोजीं सिमल्याहून पहिलें विमान उडालें त्याच दिवशीं नांदेड-हैदराबाद हा मार्गही सुरू झाला, आणि महाराष्ट्र ह्या योजनेंत पहिल्या दिवसापासून दाखल झाला.

जळगांवचा इतिहास बोधप्रद आहे. २३ मार्च २०१२ रोजीं तेथील नव्या विमानतळाचें उद्घाटन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील ह्यांच्या हस्तें झालें. ताईंचा हा स्वतःचाच जिल्हा. त्यानंतर पांच वर्षांवर त्या धांवपट्टीवर नियमित विमान आलें नाहीं. इ. स. २०१७ च्या डिसेंबरांत एअर डेक्कननें १९ आसनांच्या लहान विमानानें मुंबईची सेवा सुरू केली. ती पुढच्याच वर्षीं बंद पडली. २०१९ च्या सप्टेंबरांत ट्रूजेट आली. २०२२ च्या आरंभीं ती कंपनीच थांबली. २०२४ मध्यें तिसऱ्यांदा आरंभ झाला. केळी व सोनें ह्यांचा एवढा मोठा व्यापार जेथें आहे, तेथें उतारू नव्हते म्हणावें तर तें पटत नाहीं. खरी अडचण दुसऱ्या टोंकास होती. मुंबईच्या विमानतळावर उतरण्यास व सुटण्यास सोईची वेळ मिळणें लहान विमानास दुरापास्त होतें. कारण एका धांवपट्टीवर तासाला ठरावीकच विमानें बसतात, आणि १९ उतारूंनीं अडविलेल्या वेळेंत १८० उतारू येऊं शकतात. जळगांवच्या व्यापाऱ्यास सकाळीं मुंबई गांठून रात्रीं परतावयाचें असतें. त्यास भर दुपारचें विमान घेऊन काय करावयाचें? त्यापेक्षां रात्रीच्या आगगाडींत झोंपून जाणें बरें. मदतीनें भाडें उतरवितां येतें, वेळ विकत घेतां येत नाहीं.

सिंधुदुर्गाची हकीकत त्याहून अलीकडची. वेंगुर्लें तालुक्यांतील चिपी येथें अडीच हजार मीटरांची धांवपट्टी बांधून ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं विमानतळ खुला झाला. ज्या वेंगुर्ल्याच्या बंदरांत एके काळीं मुंबईची आगबोट लागे, आणि पडावांतून उतरतांना बायामाणसांची त्रेधा उडे, तेथें तासाभरांत मुंबईहून माणूस येऊं लागलें. गणपतीच्या दिवसांत तिकीट मिळणें कठीण होई; एरव्हीं धुक्यामुळें, पावसामुळें वा विमानाच्या दुरुस्तीमुळें फेरी रद्द झाल्याची तक्रार असे. आणि तीन वर्षांची मुदत संपली तेव्हां, २०२४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस, मुंबईची ही सेवा थांबली. दुसऱ्या एका कंपनीनें पुणें वगैरे ठिकाणांहून चिपीस विमानें आणलीं हें खरें. परंतु सिंधुदुर्गाचें अर्धें मन मुंबईंत असतें, आणि गिरगांव-परळांतल्या चाकरमान्यास पुण्याहून विमान आहे असें सांगणें म्हणजे थट्टाच होय.

अशीं उदाहरणें आमच्याच प्रांतापुरतीं नाहींत. महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२३ च्या ऑगस्टांत संसदेपुढें आला. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग ठरले. त्यांतील ४०३ सुरूच झाले नाहींत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकीं ११२ मार्गांनीं तीन वर्षें पुरीं केलीं. आणि मदत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकले ते अवघे ५४. शंभरांत सात.

ह्या आंकड्यांवरून योजनाच फोल आहे असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. आमचें मत तसें नाहीं. बोरघाटाच्या रेल्वेस पन्नास वर्षें हमी दिली, विमानमार्गास तीन. रेल्वेच्या वेळीं हमी इतकी सैल होती कीं काटकसरीस जागा उरली नाहीं; आतां मुदत इतकी आंखूड आहे कीं संवय लागण्यास अवधि उरत नाहीं. लोकांनीं आपला व्यापार, दवाखाना, मुलांचें शिक्षण एखाद्या वाहनाच्या भरंवशावर बेतावें, तर तें वाहन उद्यां राहील अशी खात्री हवी. अमेरिकेंत इ. स. १९७८ मध्यें विमानकंपन्यांवरील निर्बंध उठविले, तेव्हां लहान गांवें उघडीं पडूं नयेत म्हणून दहा वर्षांपुरती मदत ठेवली. ती वाढवीत वाढवीत १९९६ मध्यें कायमची करावी लागली. तेथेंही रिकाम्या विमानांवर पैसा जातो अशी टीका आहेच. स्कॉटलंडच्या बेटांवर मात्र अशा मदतीबद्दल फारसा वाद नाहीं, कारण तेथें समुद्र आहे, आणि दुसरा मार्ग नाहीं. निवड करण्याची कसोटी ह्यांतच आहे असें आम्हांस वाटतें. ज्या जिल्ह्यास रात्रीची चांगली आगगाडी आहे त्यास विमानाची मदत उशिरां मिळाली तरी चालेल. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याचा विचार आधीं व्हावा.

एक खर्च मात्र ह्या सर्व हिशेबांत कोठेंच धरलेला नसतो, आणि तो मावळच्या माणसास चटकन आठवतो. इ. स. १९२१ मध्यें शेजारच्या मुळशीच्या खोऱ्यांत वीज उत्पन्न करण्याकरितां गांवें बुडवावयाचीं ठरलीं, तेव्हां सेनापति बापटांनीं सत्याग्रह केला. पवनेच्या धरणानेंही गांवें उठविलीं. पाणी पिंपरी-चिंचवडास गेलें. आणि त्याच पाण्याच्या नळावरून ९ ऑगस्ट २०११ रोजीं द्रुतगति मार्गावर बऊर येथें गोळीबार होऊन तीन शेतकरी मेले. आज पुरंदर तालुक्यांत सात गांवांच्या जमिनी नव्या विमानतळाकरितां मागितल्या जात आहेत, व तेथील शेतकऱ्यांचा विरोध आहे. विमानाच्या आसनामागें सरकार किती रुपये देतें हें छापून येतें. धांवपट्टीखालीं गेलेल्या विहिरीची आणि आंब्याची रक्कम त्यांत येत नाहीं. तीन वर्षांनीं विमान बंद पडलें तर कंपनी आपलें विमान दुसरीकडे नेते. शेतकऱ्यास जमीन दुसरीकडे नेतां येत नाहीं.

१६ एप्रिल २०२५ रोजीं अमरावतीजवळ बेलोरा येथें १,८५० मीटरांच्या धांवपट्टीवर ह्याच योजनेखालीं मुंबईचें विमान उतरलें, आणि विदर्भास नागपूर व गोंदियाबरोबर आणखी एक विमानतळ मिळाला. त्याच वर्षाच्या अंदाजपत्रकांत पुढील दहा वर्षांत १२० नव्या ठिकाणांची घोषणा झालेली आहे. तेव्हां अमरावतीकरांस आमची एक सूचना आहे. इ. स. १९३३ सालीं किती मैल, किती टन, किती उतारू हें आज ९० वर्षांनींही आपण सांगूं शकतों, कारण तें कोणी तरी लिहून ठेवलें. बेलोऱ्यास दरमहा किती फेऱ्या ठरल्या, किती झाल्या, कोणत्या कारणानें चुकल्या, निम्म्या सवलतीच्या आसनांवर कोण बसलें आणि कशासाठीं गेलें, ह्याची नोंद तेथील व्यापारी मंडळानें व महाविद्यालयांनीं पहिल्या महिन्यापासून ठेवावी. तीन वर्षांची मुदत धरली तर ती २०२८ च्या एप्रिलांत संपते.